म्हाताऱ्या वेलाची किंमत



गेल्या पंधरवड्यात पिंपळगाव राजाला बैठक होती. विषय होता सोयाबीनच्या घरच्या बियाण्याचा. बैठक उठता उठता एका तरुण शेतकऱ्याने मोबाईल पुढे केला. त्यावर एका पांढऱ्या वाईनची जाहिरात होती. बाटली दक्षिण आफ्रिकेची. माल थोडा, तोही संग्रह करणाऱ्यांसाठी, आणि खाली लिहिलेले की ही वाईन शंभर वर्षांहून जुन्या वेलांच्या द्राक्षांची आहे. पाऊण लिटरच्या बाटलीची किंमत ऐकून मंडळी हसली. मग कोपऱ्यात बसलेल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "साहेब, आमचा संत्र्याचा बगिचा तीस वर्साचा झाला त तुमीच म्हणता तोडा. अन् त्यायचा वेल शंभर वर्साचा झाला त पैसे वाढतात. हे कसं?"

प्रश्न उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून आज या सदरात त्याच्याच मागे लागू या.

आधी एक घोटाळा दूर करू. जुनी वाईन वेगळी आणि जुन्या वेलाची वाईन वेगळी. जुनी वाईन म्हणजे बाटलीत वर्षानुवर्षे मुरलेली. आपल्या घरी आजीच्या बरणीत लिंबाचे दहा वर्षांचे काळे लोणचे असते, पोट दुखले की बोटभर चाटायला देतात, तसला तो प्रकार. केप प्रांतातल्या कॉन्स्टान्शिया गावची गोड वाईन अशी प्रसिद्ध आहे. १८२१ सालची तिची एक बाटली २०२१ साली लिलावात ४ लाख २० हजार रँडला गेली. रँड म्हणजे तिकडचा रुपया. त्या वर्षीच्या दराने ते वीस लाख रुपयांच्या वर होतात. ती बाटली घेणारा ती पिईल की नुसती कपाटात ठेवील, देव जाणे.

मोबाईलवर दिसली ती गोष्ट दुसरी. तिच्यातली द्राक्षे तीन-चार वर्षांपूर्वीच्या हंगामाची असतील. म्हातारा आहे तो वेल. वेलाच्या वयाला किंमत आली आहे, आणि शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट हीच आहे.

माय-बहिणी हे पान वाचतात म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मी कोणाला वाईन प्या म्हणून सांगत नाही. ज्या केप प्रांताची ही गोष्ट आहे, तिथल्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या मजुरांना मजुरीचा काही भाग वाईनच्या रूपाने देत. त्या पद्धतीला तिकडे 'डॉप' म्हणत. कायद्याने बंदी आल्यावरही ती बराच काळ चालली. तिने घरेच्या घरे बुडवली. गरोदरपणी आईच्या पोटात दारू गेल्यामुळे जन्मापासून अधू झालेली मुले जगात ज्या भागांत सर्वांत जास्त सापडतात, त्यांत हा द्राक्षांचा मुलूख आहे. ज्या गावांनी आडवी बाटली करून दुकान बंद पाडले, तिथल्या बायांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पण बाटली वाईट म्हणून वेलाकडे पाहायचेच नाही, असेही करू नये. वेलाने कोणाचे काही बिघडवलेले नाही.

आता त्या वेलाचे कूळ सांगतो. द्राक्षाच्या या जातीचे नाव शेनिन ब्लाँ. मूळची ती फ्रान्सची. डच लोकांच्या ईस्ट इंडिया कंपनीने केपच्या किनाऱ्यावर वस्ती केली ती जहाजांना ताजा भाजीपाला मिळावा म्हणून. १६५५ साली त्यांनी तिथे द्राक्षाच्या काड्या लावल्या, आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी पहिला रस गाळल्याची नोंद त्यांच्या अधिकाऱ्याने रोजनिशीत करून ठेवली. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज अफझलखानाच्या स्वारीच्या उंबरठ्यावर होते. पुढे ही एक जात तिकडे इतकी पसरली की लोकांनी तिला 'स्टीन' असे घरचे नावच देऊन टाकले. आपली स्टीन म्हणजेच फ्रान्सची शेनिन ब्लाँ, हे त्यांच्या शास्त्रज्ञांना पक्के कळले ते १९६० नंतरच्या दशकात. आजही त्या देशात सर्वांत जास्त क्षेत्र याच जातीखाली आहे.

आणि ही जात आपल्याला परकी नाही. नाशिकच्या सुला कंपनीने २००० साली आपली पहिली वाईन बाजारात आणली, त्यात शेनिन ब्लाँ होती. आज नाशिक, दिंडोरी, निफाडकडे पांढऱ्या वाईनसाठी हीच जात मोठ्या प्रमाणावर आहे. म्हणजे केपचा तो शंभरीचा वेल आणि दिंडोरीचा वेल एकाच आईची लेकरे. एकाचे वय शंभर, दुसरा पंधराव्या वर्षी थकतो. का, ते पुढे येईलच.

केपमधले जुने वेल पाहिले तर तुम्हाला वाटेल ही द्राक्षबाग नव्हेच. मांडव नाही, तार नाही, खांब नाही. पऱ्हाटीएवढी खुजी, गाठाळलेली झुडपे लांब लांब अंतरावर उभी. बुंधा मांडीएवढा, पिळलेला, कुठे पोकळ. बऱ्याच जुन्या बागांना पाणी द्यायची सोयही नाही, सगळे पावसावर. एका वेलाला लहान लहान घड, तेही मोजके. एकरी उत्पन्न एक-दीड टन, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार एकरी दहा-बारा टन काढतो. त्याला ही बाग दाखवली तर तो उद्याच ट्रॅक्टर लावील.

तिकडेही ट्रॅक्टर लागलेच. विसाव्या शतकात तिथल्या बहुतेक शेतकऱ्यांची द्राक्षे सहकारी तळघरांत जात. भाव मिळे टनावर. सगळ्यांचा माल एका टाकीत पडे आणि पुष्कळसा रस ब्रँडी गाळायला जाई. तुमचा वेल नव्वद वर्षांचा आहे की नऊ, हे काट्यावर कोणी विचारत नसे. आपल्या साखर कारखान्यासारखेच की. उसाचे वजन झाले, पावती मिळाली, संपले. अशा हिशेबात म्हातारा वेल हरणारच. एकरी आठ टनांचा नवा वेल आणि दीड टनाचा जुना वेल, दोघांना भाव एकच, तर जुना वेल राखणारा एक तर हौशी म्हणायचा, नाही तर नवीन लावायला ज्याच्याकडे पैसा नाही असा गरीब म्हणायचा. खरे सांगायचे तर पुष्कळ जुन्या बागा गरिबीनेच राखल्या. काही बागा माळावर इतक्या आडबाजूला होत्या की त्या उपटायचा खर्चही कोणाला परवडेना.

या गोष्टीला वळण दिले ते रोझा क्रूगर नावाच्या बाईंनी. शिक्षण वकिलीचे, पण पुढे द्राक्षशेतीत शिरल्या. २००२ च्या सुमारास त्या गाडी घेऊन गावोगाव जुन्या बागा शोधत फिरू लागल्या. नुसत्या डोळ्यांनी वेलाचे वय कळत नाही. बुंधा जाड दिसला तरी तो चाळीसचा की ऐंशीचा, हे सांगता येत नाही. त्यांच्या कामी आले ते दप्तर. त्या देशात द्राक्ष-वाईन धंद्याच्या संस्थेकडे बागेनिहाय नोंदी आहेत: कोणती जात, किती क्षेत्र, कोणत्या साली लावली. शंभर वर्षांमागच्या नोंदीसुद्धा सापडतात. बाईंनी ते कागद आणि वावरातला वेल यांचा मेळ घातला आणि बागांची यादी केली. २०१६ साली त्यातून 'ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट' नावाची संस्था उभी राहिली. नाव साधे आहे, जुन्या वेलांचा प्रकल्प.

या संस्थेने पस्तीस वर्षांची रेघ ओढली. पस्तीस पुरी झालेली बाग ती जुनी. २०१८ पासून अशा बागेच्या वाईनच्या बाटलीवर एक शिक्का लागतो आणि त्यावर वेल लावल्याचे साल छापलेले असते. बाटलीवर द्राक्ष तोडल्याचे साल सगळेच छापतात. वेल लावल्याचे साल दाखल्यासह छापण्याची रीत इथून सुरू झाली. पस्तिशी ओलांडलेले क्षेत्र तिकडे सुमारे चार हजार हेक्टर भरते. एकूण द्राक्षक्षेत्राच्या साधारण वीस भागांतला तो एक भाग, आणि त्यात निम्म्याहून जास्त शेनिन ब्लाँ. शंभरी गाठलेल्या बागा बोटांवर मोजण्याइतक्या.

त्यांतली एक स्टेलेनबॉश गावाजवळ आहे. १९०५ च्या सुमारास लावलेली. ईबेन सेडी नावाचे वाईन करणारे गृहस्थ तिच्या द्राक्षांची वेगळी वाईन करतात आणि ज्या बाईंची ती बाग, त्यांचेच नाव तिला दिले आहे: 'मेव्हरौ कर्स्टन', म्हणजे कर्स्टनबाई. त्यांच्याच दुसऱ्या एका वाईनचे नाव 'स्कुर्फबर्ग', ते डोंगराचे नाव. तिसरीचे नाव पायवाटेवरून, कारण ती बाग पायवाटेला लागून आहे आणि तिच्यात चार-पाच जातींचे वेल एकमेकांत मिसळून लावलेले आहेत. पूर्वी शेतकरी तसेच लावत. आपण नाही का ज्वारीत मूग, उडीद, अंबाडी मिसळून पेरत होतो, एक गेले तर दुसरे हाती लागावे म्हणून? या वाईन इतक्या थोड्या निघतात की दुकानात सहसा दिसत नाहीत. नेहमीच्या गिऱ्हाइकांना वाटून दिल्या जातात. संग्रह करणारे रांग लावतात ते यासाठी.

पैशाचा हिशेब आपण करून पाहू. एक टन द्राक्षांपासून साधारण आठशे-नऊशे बाटल्या होतात. दीड टनाच्या एकरातून बाराशे-तेराशे. आठ टनांच्या एकराइतका पैसा व्हायचा तर जुन्या वेलाच्या द्राक्षाला टनामागे पाचपटीहून जास्त भाव हवा. तेवढा मिळाला तर वेल राहील, नाही तर जाईल. यात दुसरा तिढा असा की बाटलीला दहापट भाव आला म्हणून शेतकऱ्याला दहापट मिळतो असे नाही. तिकडेही पुष्कळ शेतकरी आजही फक्त द्राक्षे विकतात, वाईन दुसराच करतो आणि नाव त्याचे होते. म्हणून काही समजदार खरेदीदारांनी टनावर भाव ठरवणे सोडून हेक्टरवर ठरवायला सुरुवात केली. यंदा घड कमी लागले तरी बाग राखल्याचे पैसे ठरलेले. ही रीत सगळीकडे पोचलेली नाही आणि जुन्या बागा अजूनही उपटल्या जात आहेत. शिक्का लागला म्हणून सगळे वाचले, असा समज करून घेऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्यांचा वेल शंभर वर्षे जगतो, मग आपला का नाही?

पहिले कारण झोप. केपला हिवाळ्यात थंडी आणि पाऊस दोन्ही एकदम येतात. वेलाची पाने गळतात आणि तो चार महिने गाढ झोपतो. मुळांत, बुंध्यात साठवलेले अन्न जपून ठेवतो आणि वसंतात एकदाच फुटतो. वर्षात एक छाटणी, एक फूट, एक पीक. उन्हाळा कोरडा, त्यामुळे केवडा-करप्याचा त्रास आपल्यापेक्षा कमी. आपल्या महाराष्ट्रात वेलाला झोपच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून आपण काड्या तयार करतो, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून घड काढतो. म्हणजे वर्षात दोनदा त्याला सोलून दोनदा फुटायला लावतो. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतो, मणी फुगावा म्हणून संजीवके देतो. वेल दोन पावसाळे जगल्यासारखा एका वर्षात जगतो. इब्न बतूता हा चौदाव्या शतकातला मुसाफिर दौलताबादला आला होता. तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. आपल्या घाटावरून पुढे गेले की दौलताबाद फार लांब नाही. ही इथल्या हवेची जुनीच खोड आहे.

दुसरे कारण ओझे. एकरी दहा-बारा टन घ्यायचे तर वेलाची शक्ती खर्ची पडणारच. दहा-बारा वर्षांनंतर ओलांड्यावरचे डोळे मुके होऊ लागतात, मधे मधे ओलांडा रिकामा पडतो, खोडकिडा शिरतो, मिलीबग सालीखाली घर करतो. बारा-पंधरा वर्षांनी बागायतदार हिशेब मांडतो आणि बाग काढतो. त्याचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. त्याच्यावर कर्ज आहे, औषधांचा खर्च आहे, अवकाळी पावसाची टांगती तलवार आहे. त्याने शंभर वर्षांचा विचार कुठल्या पैशाने करायचा?

तिसरे कारण मूळ. १८८५ च्या सुमारास केपमध्ये फिलोक्सेरा नावाची मुळे खाणारी बारीक कीड शिरली आणि बागा झोपल्या. मग अमेरिकी खुंटावर कलम करायची रीत आली. निव्वळ वाळूच्या जमिनीत ही कीड फारशी चालत नाही, म्हणून तिथले काही म्हातारे वेल स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. आपल्याकडे खुंट आले ते दुसऱ्याच कारणाने. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पाण्याची टंचाई आणि खारवट जमीन यांना तोंड द्यायला डॉगरिजसारख्या खुंटांवर कलमे होऊ लागली. आपल्या खारपाण पट्ट्यातल्या मंडळींना खाऱ्या विहिरीचे दुखणे वेगळे सांगायला नको.

द्राक्षवेलाचे अंगचे आयुष्य मात्र मोठे आहे. युरोपात स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावी एका घराच्या भिंतीवर चारशे वर्षांहून जुना वेल अजून घड देतो. इंग्लंडमध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ साली लावलेला वेल आहे. तेव्हा वेल मरतो तो वयाने कमी आणि आपल्या गरजेने जास्त.

मग म्हाताऱ्या वेलाचे फळ खरेच चांगले असते काय? यावर माझे मत सांगतो. वय झाले म्हणून फळाला गोडी येते, असे मी मानत नाही. वेल जुना झाला की मुळे खोल जातात, पावसाच्या ओढीत तो लवकर घाबरत नाही, घड कमी लागतात, मणी लहान राहतो आणि रस दाट होतो. पण घड कमी लागण्याचे कारण पुष्कळदा विषाणूरोगही असतो, हे विक्रेते सांगत नाहीत. आणखी एक गोष्ट आहे. शंभर वर्षांत कुऱ्हाड किती वेळा आली असेल! ज्या बागेचे फळ सुमार होते ती केव्हाच गेली. जी चांगल्या जागी होती, जिचे फळ घरच्यांना आवडत होते, तीच मागे राहिली. म्हणून आज जुन्या बागा चांगल्या दिसतात. जुने तेवढे सोने म्हणणाऱ्याने गाळात गेलेले पितळ मोजलेले नसते.

यावरून पिंपळगाव राजाच्या त्या वडीलधाऱ्यांना माझे उत्तर असे. तुमचा संत्र्याचा बगिचा तीस वर्षांचा झाला एवढ्यासाठी मी तोडा म्हणत नाही. बुंध्याला डिंक्या लागला आहे, शेंड्याकडून फांद्या वाळत आहेत, आंबिया बहार धरत नाही आणि धरला तर गळतो, असे निम्म्याहून जास्त झाडांचे झाले असेल, तर त्या बगिच्यावर खत-पाणी घालणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. तो काढा, जमिनीला दोन-तीन वर्षे दुसरी पिके द्या आणि मग खात्रीची कलमे लावा. पण त्याच बगिच्यात पाच-दहा झाडे अशी असतील की शेजारची वाळली तरी ती हिरवीगार उभी आहेत आणि दरसाल फळ देतात. त्यांना हात लावू नका. ती का टिकली, हे कळण्याजोगे आहे. त्यांची माहिती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाला किंवा जळगाव जामोद नाही तर बुलडाण्याच्या कृषी विज्ञान केंद्राला द्या. मात्र त्या झाडाचे डोळे काढून आपणच कलमे बांधून वाटू नका. संत्र्यात विषाणू आणि ग्रीनिंगसारखे रोग डोळ्याबरोबर जातात. झाड वरून निरोगी दिसते आणि रोग पोटात असतो.

आणि त्या केपच्या बाईंनी दप्तर कसे कामी लावले, ते पाहा. आपल्याकडे रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० साली सुरू झाली. त्या पहिल्या वर्षांत आंबा, संत्रा, सीताफळ, आवळा, बोर यांची मोठी लावण झाली. ती झाडे आता पस्तिशीची झाली आहेत. केपमध्ये ज्या वयाला शिक्का लागतो, त्या वयाची! पण कोणते झाड कुठल्या रोपवाटिकेचे आणि कोणत्या साली लावले, हे विचारले तर दहापैकी आठ घरी उत्तर येते, "बाबा असतानी लावलं होतं." बाबा गेले की माहितीही गेली. अनुदानाचे कागद, रोपांची पावती, मोजमापाची नक्कल ट्रंकेत असेल तर फेकू नका. ई-पीक पाहणीत फळबाग आणि बांधावरची झाडेही नोंदवता येतात, ती नोंदवा. बाकीचे घरच्या वहीत लिहा: साल, जात, कलम कुठले, कोणत्या वर्षी किती फळ आले. घरात शाळेत जाणारी पोर असेल तर हे काम तिला द्या. ती आपल्यापेक्षा नीट लिहील.

बैठकीतल्या तरुणाने जाताजाता विचारले होते की आपण घाटाखाली वाईनची द्राक्षे लावावीत काय. माझे मत नाही असे आहे. वाईनची द्राक्षे खायला विकली जात नाहीत. मणी लहान, बियांचा, साल जाड. जवळ कारखाना आणि हातात लेखी करार नसेल तर तोडलेला माल कोणाच्या दारात नेऊन टाकणार? २००१ साली राज्याचे धोरण आले तेव्हा नाशिककडे मोठी लावण झाली, आणि २००८-०९ च्या मंदीनंतर कित्येकांची द्राक्षे घ्यायला कोणी आले नाही. त्यांनी बागा उपटल्या. आपला कापूस, तूर, सोयाबीन आणि थोडे संत्रे यांचेच भाव सांभाळताना नाकी नऊ येतात.

घाटाखालच्या वावरांत म्हातारे म्हणावे असे खरे झाड कुठले असेल तर ते धुऱ्यावरचे गावरान आंब्याचे. एकेक झाड साठ-सत्तर वर्षांचे. शेपू आंबा, गोटी आंबा, खोबऱ्या, अशी घरोघरची नावे. प्रत्येक झाड कोयीचे, म्हणून प्रत्येकाची चव निराळी. एक तुटले की ती चव पुन्हा मिळत नाही. ट्रॅक्टर वळायला अडचण होते, सावलीने पीक मार खाते, आरागिरणीवाला रोख पैसे देतो, म्हणून दर उन्हाळ्यात अशी झाडे पडतात. तोडणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याची अडचण त्याला माहीत. पण तोडण्याआधी एक पावसाळा थांबा आणि त्याची चार कलमे करून घ्या. आंब्यात हे घरच्या घरी होते. शेतकऱ्याने जपलेल्या अशा जातीची नोंद पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरणाकडेही करता येते. शेतकऱ्याला त्याची नोंदणी फी नाही, अर्ज कृषी विज्ञान केंद्रातून भरून मिळतो. भाव येईल की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. झाड राहिले तर विचारायला कोणी तरी येईल.

कृती अशी. या महिन्यात आंबे खाऊन झाले की ताज्या कोयी धुऊन लगेच पिशवीत लावा, वाळू देऊ नका. रोप उगवून पाने अजून तांबूस आणि खोड कोवळे असतानाच कलम करायचे असते. जुन्या झाडावरची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेली पण न फुटलेली काडी निवडा. ती कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठाचा थोडा भाग ठेवून कापून टाका, म्हणजे डोळ्यात रस भरतो. रोपाला वरून उभी चीर द्या, काडीला पाचरीसारखा काप द्या, चिरीत बसवा, साल सालीला जुळवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. वरून आईस्क्रीमच्या कांडीची लांबट पिशवी घातली तर ओल टिकते. जुलै-ऑगस्टची दमट हवा याला सर्वांत चांगली. पहिल्या वेळी दहातली चार-पाच लागली तरी पुष्कळ झाले. हात बसला की सात-आठ लागतात. ज्यांना जमत नसेल त्यांनी काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या रोपवाटिकेत न्याव्यात आणि चिठ्ठीवर झाडाचे नाव, गाव आणि अंदाजे वय लिहायला विसरू नये.

पुढील अंकात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती गोणपाटावर कशी तपासायची ते पाहू. पेरणी तोंडावर आली आहे. शंभर दाणे आजच बाजूला काढून ठेवा.